बिनआवाजाचं खोकं

"हे काय वाजतंय?" बायकोनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, आणि टीव्हीच्या कपाटापुढे मांडी घालून बसलेल्या त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. कारण काहीच वाजत नव्हतं. तेच तर सगळं होतं. पडद्यावर चित्र आलं होतं, टीव्हीखालच्या कप्प्यात ते एवढंसं काळं खोकं, नव्या बुटांच्या डब्याएवढं पण त्यापेक्षा कितीतरी गर्विष्ठ, नुसतं बसून होतं, आणि त्याच्याभोवतीची शांतता त्यानं कित्येक रविवार खर्ची घालून, एकेक स्क्रू पिळून स्वतःच्या हातानं बांधलेली होती. "काही वाजत नाही," तो म्हणाला. "वाजतंय," बायको म्हणाली. "डास कानाशी आल्यासारखं. बारीक आहे, पण थांबत नाहीये." त्यानं मान तिरकी केली. फ्रिज घुमत होता, तो ऐकू आला. भिंतीपलीकडे इमारतीची लिफ्ट खाली कुठंतरी थांबली, आणि तिचा ब्रेक जरा उशिरा धरतोय हेसुद्धा त्याला इथं बसून कळलं. पण कप्प्यातून काही म्हणजे काही येत नव्हतं. बायको कपाळाला आठ्या घालून थेट खोक्याकडे बघत होती, आणि उगाच काहीतरी बोलायची तिला सवय नव्हती. मग तो म्हणाला, "हां हां, ते होय? ते मी मघाशीच ऐकलं," आणि वाक्य तोंडातून बाहेर पडताक्षणी त्याला कळलं की आपण आता चांगलेच अडकलो.

ऐकणं हा त्याचा धंदा होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्याची सगळी उमेदीची वर्षं गेली होती आणि तिथं त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे वैद्यबुवा म्हणत. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत शिरायचं, चालत्या मोटरच्या अंगावर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे, आणि थोड्या वेळानं एखाद्या नाडीवाल्या वैद्याच्या थाटात सांगायचं, "डावीकडचं बेअरिंग. अजून थोडे दिवस काढेल." मोटर उघडली की डावीकडचंच बेअरिंग निघे. या गोष्टीचा त्याला अभिमान होता आणि तो लपवायची गरज त्याला कधी वाटली नव्हती. पाहुण्यांकडे गेला की त्यांच्या पंख्याचं, फ्रिजचं, एकदा तर मेहुण्याच्या कोऱ्या करकरीत गाडीचं निदान त्यानं कुणी न विचारता करून टाकलं होतं, आणि मेहुणा त्यानंतर बरेच दिवस फोन उचलत नव्हता. माणसाला स्वतःबद्दल एखादी तरी गोष्ट पक्की ठाऊक असावी लागते. दिसायला तो बेताचा, बोलायला बेताचा, हिशेबात तर बायकोच्या जवळपासही नाही, पण कान. कान म्हणजे तो. आता तेच कान एका रविवारी दुपारी, स्वतः बांधलेल्या खोक्यापुढे, बायकोला ऐकू येणारं काहीतरी ऐकत नव्हते. आपण बहिरे होत चाललोय की काय, असा विचार मनाच्या दारातून डोकावला आणि त्यानं दार लावून घेतलं. बायकोलाच भास होत असेल. उन्हाळ्यात होतात लोकांना भास. पण उन्हाळा नव्हता.

मुळात हे खोकं बांधायची वेळ आली तीच आवाजावरून. लेक नोकरीला दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेली. त्यानं तो टीव्हीला जोडला, त्यावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ शिकला, त्यात कठड्यावर आपटून आपटून बऱ्यापैकी तरबेज झाला, आणि शनिवार-रविवारी दुपारी तो आणि बायको त्यावरच सिनेमे बघू लागले. लग्नानंतर पहिल्या वर्षी ते थेटरात जात तसं; फक्त आता मध्यंतरात चहा घरचा आणि पाय समोरच्या टेबलावर. हे चांगलं चाललं होतं. मग हळूहळू सिनेमातली माणसं काय बोलतात ते त्याला कळेनासं झालं. गाणी कळायची, मारामारी कळायची, ढगांचा गडगडाट तर छान कळायचा. पण दोन माणसं टेबलाशी बसून काही महत्त्वाचं बोलू लागली की नुसती भाताची पेज. आधी त्यानं नटांना दोष दिला. आजकाल सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात, पूर्वीचे नट कसे खणखणीत बोलायचे. मग टीव्हीच्या स्पीकरला दोष दिला आणि नवे स्पीकर आणले. मग एका दुपारी नायिका मरता मरता काहीतरी सांगत होती आणि त्याच वेळी कॉम्प्युटरचा पंखा घोंघावला, आणि त्याला एकदम उलगडा झाला. पंखा! हा पंखाच सगळे शब्द खातो! कानाचा माणूस असून इतके दिवस हे लक्षात आलं नाही याचं त्याला नवल वाटलं. तोवर तो आवाज वाढवत होता आणि बायको कमी करत होती. दोघांच्या मध्ये रिमोट नुसता येरझाऱ्या घालत होता. आणि मग कधीतरी, नेमकं कधी ते त्याला आठवत नव्हतं, बायको सोफ्यावरून उठली ती परत आलीच नाही. आतल्या खोलीत फोनवर, कानात इअरफोनची बोंडं घालून, तिचं तिचं बघू लागली. "तुम्ही बघा," एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण त्याला जमत होतं. हे 'तुम्ही बघा' मात्र त्याला कुठंतरी आत लागलं. तेव्हाच त्यानं ठरवलं की असा कॉम्प्युटर बांधायचा की ज्याला आवाजच नसेल. मग शब्द परत येतील, आणि शब्दांमागून बायको.

आता बिनआवाजाचा कॉम्प्युटर म्हणजे पंख्याऐवजी पाणी, हे त्याला लवकरच समजलं. आतल्या गरम होणाऱ्या भागांवरून नळ्यांतून पाणी फिरवायचं, एका छोट्या पंपानं ते ढकलायचं, मोटारीला असतो तसल्या एका चपट्या रेडिएटरमधून ते गार करायचं, आणि त्या रेडिएटरवर दोन पंखे अगदी आळसात फिरत ठेवायचे. कल्पना सोपी होती. अडचण कप्प्याची होती. टीव्हीच्या कपाटाला हात लावायचा नाही, अशी बायकोची ताकीद होती. कपाट तिच्या पसंतीचं होतं आणि सुतार तिच्या ओळखीचा. म्हणजे सगळा बाडबिस्तरा त्या एका कप्प्यात मावला पाहिजे. त्यानं आधी पुठ्ठ्याचं खोकं करून कप्प्यात ठेवलं आणि कितीतरी दिवस येता-जाता त्याच्याकडे बघत राहिला. बायको त्यात वर्तमानपत्रं ठेवू लागली. मग खरं खोकं आलं, आणि त्यात एकेक वस्तू बसवताना त्याला कळलं की लिफ्टचा खड्डा बांधणाऱ्यांनासुद्धा यापेक्षा जास्त जागा मिळते. ग्राफिक्स कार्ड बसलं तर रेडिएटर बसेना. रेडिएटर बसला तर पॉवर सप्लायच्या वायरी कुठं घालाव्या ते कळेना. वायरी कोंबल्या तर झाकण लागेना. शेवटी सगळं बसलं आणि पंपच बाहेर राहिला. तो पंप हातात धरून तो बराच वेळ जमिनीवर बसून होता. बायको केर काढता काढता थांबली, म्हणाली, "मन नाही बाहेर राहिलं म्हणजे झालं," आणि पुढे गेली. नळ्या वाकवायला तिचा केस वाळवायचा पंखा घेतला होता, त्यावरूनही थोडं झालं. मग पाणी भरायचा दिवस. आतमध्ये सगळीकडे टिश्यू पेपर पसरला, वीज फक्त पंपाला दिली, आणि नळ्यांमधून पाणी चढताना बघून त्याला लहानपणी शाळेत काचेच्या नळीतलं रंगीत पाणी पहिल्यांदा चढताना पाहिलं होतं तो आनंद झाला. तेवढ्यात एका सांध्याखालचा कागद ओला झाला. "बाथरूमचा नळ गळतोय तो बघायला तुम्हाला वेळ नाही," बायको मागून म्हणाली, "आणि इथं कॉम्प्युटरला पाण्याची लाइन घातलीत." हे वाक्य त्याला व्यवस्थित ऐकू आलं होतं, ती अगदी मागे उभी होती. आता आठवताना त्याला वाटलं, त्या सगळ्या महिन्यांत तिची धड अशी ही एवढी दोनच वाक्यं. बाकी सगळं कामापुरतं. दूध आणा. बिल भरा. जेवायला वाढलंय.

"मग थांबवा ना ते," बायको आता म्हणत होती. "तुम्हाला ऐकू येतंय तर." "पंपात हवा अडकली असणार," तो लगेच म्हणाला, कारण अशा वेळी काहीतरी ठाम बोललं की माणसाला धीर येतो. "बुडबुडा. तो निघाला की संपलं. जरा हात लाव." मग खोकं चालू ठेवूनच दोघांनी ते कप्प्यातून उपसून काढलं, त्यानं एक बाजू धरली, तिनं ओला हात पदराला पुसून दुसरी. "माझ्याकडे तिरकं कर. आता तुझ्याकडे. हळू." दोघं असे समोरासमोर, मध्ये ते खोकं, तान्ह्या बाळाला झोपवावं तसे ते त्याला डोलवू लागले. आतल्या टाकीत एक बुडबुडा खरंच वर आला आणि फुटला. "गेला?" त्यानं विचारलं आणि मग घाईनं सुधारून घेतलं, "म्हणजे, गेलाच." "आहे," बायको म्हणाली. "आता?" "आहे." "आता तर नक्की कमी झाला." "जास्त झाला." तिच्याकडे बघता बघता त्याच्या ध्यानात आलं की आपण खोक्याकडे बघतच नाही आहोत. तिच्या भुवया वर गेल्या की आवाज वाढला, खाली आल्या की कमी झाला, एवढ्यावर आपली सगळी दुरुस्ती चालली आहे. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या चेहऱ्याकडे इतकं टक लावून तो कदाचित पहिल्यांदाच बघत होता. डाव्या भुवईत एक पांढरा केस होता. तो कधी आला? "अहो, काय बघताय?" ती म्हणाली. "बुडबुडा," तो म्हणाला.

इतक्यात बेल वाजली आणि मेहुणा आला. उद्घाटनाला या, असं आपणच त्याला मोठ्या तोऱ्यात बोलावलं होतं हे आठवून त्याला स्वतःचा राग आला. मेहुणा एका बँकेत होता. पण कॉम्प्युटरबद्दल त्याला नुसते व्हिडिओ बघून बघून इतकं ज्ञान झालं होतं की ते त्याच्या अंगातून सांडत असे. त्यानं दारातच एक पाय बुटातून काढला आणि दुसरा तसाच ठेवून म्हणाला, "अरे वा, भावोजी! शिट्टी देतंय की!" दारातून. एक बूट पायात असताना. बायकोनं विजयी नजरेनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं आपलं शेवटचं हत्यार काढलं, तो लांब स्क्रूड्रायव्हर. खोक्याचं झाकण काढून टोक पंपावर टेकवलं, मूठ कानामागे लावली, डोळे मिटले, आणि अहाहा, पंप त्याच्या कवटीत घुमू लागला, गोल, जाड, निरोगी. कान शाबूत आहेत! आनंदानं त्याचे डोळे उघडले. "पंप एकदम ठणठणीत," तो म्हणाला. "बेअरिंगला काही नाही." "पंप नाहीच मुळी," मेहुणा म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड आहे. त्यातल्या तारांच्या गुंडाळ्या कंप पावतात आणि चूं करतात. खेळ लावा बघू." खेळ लागला. मोटारी रांगेत उभ्या राहिल्या, तसे मेहुणा आणि बायको एकदम एकमेकांकडे बघून हसले. "चढला!" "हो, किती चढला!" शर्यत सुरू झाली. "आता जरा खाली आला." "पण आता खरखर आहे त्यात." बहीणभाऊ माना डोलवत होते, गाण्याच्या मैफिलीला बसल्यासारखे, सम आली की दोघांची मान एकदम खाली जायची, आणि त्यांची गेली की मग, जरा उशिरानं, त्याची. मोटर, पंप, बेअरिंग, हे सगळं हाडातून येतं, असं त्याच्या मनात आलं. इतकी वर्षं मी हाडानं ऐकत आलो. हवेतून काय येत होतं आणि काय यायचं थांबलं, हे मला कोण सांगणार होतं? स्क्रूड्रायव्हर अजून त्याच्या हातात होता. त्यानं तो हळूच खिशात घातला आणि तो खिशातून अर्धा बाहेर राहिला.

"माझ्या गाडीत फोमची पट्टी आहे, खोक्याला आतून लावू, निम्मा आवाज तिथंच मरेल," म्हणत मेहुणा एकदाचा खाली गेला. बायको सोफ्याच्या कडेला टेकली. अगदी कडेला, पाहुणी टेकते तशी, पण सोफ्यावर. "तोवर सिनेमा लावा," ती म्हणाली. "बघू तरी कसं वाटतंय." याच क्षणासाठी तर एवढा उपद्व्याप. त्यानं एक सिनेमा लावला, आणि नशिबानं त्यात सुरुवातीलाच एक नवरा-बायको जेवणाच्या टेबलाशी बसून बोलत होते. पंखा नव्हता. घोंघावणं नव्हतं. खिडक्या बंद होत्या, फ्रिजसुद्धा नेमका तेवढ्यात गप्प झाला. पडद्यावरची बाई काहीतरी म्हणाली. तिच्या ओठांची उघडझाप झाली, आवाजही आला, आवाज होता, आवाजाला चढउतारही होता, पण त्यात शब्द नव्हते. कुणीतरी गालांत भात धरून बोलावं तशी पेज, जुनीच, ओळखीची. तो पुढे झुकला. पडद्यावरचा नवरा काही म्हणाला आणि त्यावर बाई रडू लागली. का रडली? काय म्हणाला तो? पूर्वीचे नट आठवायचा त्यानं प्रयत्न केला. नट. स्पीकर. पंखा. एकेका संशयिताला त्यानं मनात उभं केलं आणि एकेक जण मान खाली घालून निर्दोष निघून गेला, आणि त्या मोकळ्या झालेल्या खोलीत शेवटी तोच एकटा उरला. मौज म्हणजे कुणी त्याला पकडलं नव्हतं. त्यानं स्वतः, रविवारमागून रविवार, दुसऱ्या सगळ्या सबबी एकेक स्क्रू पिळून खोलीतून बाहेर काढल्या होत्या. इतकी चोख शांतता त्यानं बांधली होती की तिच्यात लपायला जागाच राहिली नव्हती. उद्या कंपनीत कळलं तर? वैद्यबुवा म्हणतील आणि मागे वळून हसतील. ते जाऊ दे. ही पुन्हा उठून आत जाईल. कानात बोंडं घालून बसेल, आणि मी इथं गडगडाट ऐकत बसेन. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो," बायको म्हणाली. ती पडद्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती, आणि कधीपासून कोण जाणे. तिनं उठून सिनेमा थांबवला आणि खोक्याशी वाकून कान दिला. "थांबला की," ती म्हणाली. "आपोआप थांबला आवाज." "हो," तो म्हणाला, इतका जीव भांड्यात पडला होता त्याचा. "हो हो, थांबला. मलाही वाटलंच. हवाच होती ती, निघून गेली. आता कसं अगदी..." "नाही थांबला," बायको म्हणाली. "तस्साच चालू आहे."

त्याला वाटलं आता ती हसेल; मग वाटलं, चिडेल. ती यातलं काहीच न करता सोफ्यावर बसली, या वेळी नीट मागे टेकून, आणि तिचा चेहरा असा झाला की जणू ती एखादं जुनं गणित मनात पुन्हा पहिल्यापासून करत आहे. "कधीपासून?" तिनं विचारलं. "काय माहीत." "कंपनीत?" "तिथं कळलं नाही. तिथं मी हाडानं ऐकतो." "आणि घरात?" यावर त्यानं फक्त खोक्याकडे हात केला, कारण उत्तर तेच होतं. मग तिनं फार सावकाश विचारलं, "म्हणजे त्या दिवशी तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं?"

"कुठल्या दिवशी?"

आणि ती सांगू लागली. त्या दिवशी तो जेवणाच्या टेबलावर नळ्यांचे तुकडे मांडून बसला होता आणि ती त्याच्याकडे पाठ करून भांडी घासत होती. नळ चालू होता. छातीत एक गाठ लागली होती तिला. तपासून झाली होती, कुणाला सांगितलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर काय ते सांगणार होते. तोंडावर सांगायचा धीर होत नव्हता म्हणून तिनं मुद्दाम पाठ फिरवूनच बोलायचं ठरवलं, आणि सगळं बोलली. गाठ, डॉक्टर, सगळं. शेवटी म्हणाली, मला फार भीती वाटतेय, उद्या याल का माझ्याबरोबर? आणि नळ बंद करून वळली, तर तो एक नळी उजेडाकडे धरून एका डोळ्यानं तिच्यातून आरपार बघत होता. मग तो उठला आणि ती नळी घेऊन गॅलरीत गेला. "मी म्हटलं, हे उत्तर आहे," ती म्हणाली. "हेच उत्तर असणार. एवढं सगळं ऐकून माणूस उठून गेला तर त्यापुढे काय बोलायचं? गेले मग दुसऱ्या दिवशी एकटी. डॉक्टर म्हणाले, साधी गाठ आहे, घाबरू नका. घाबरून झालंच होतं माझं तोवर. बसनं परत आले, आल्यावर तुम्हाला वाढलं. तुम्ही म्हणालात, पंप आला. तेव्हाच ठरवलं मी, या माणसाशी कामापुरतं बोलायचं."

त्याला तो दिवस आठवला. पंप आल्याचा दिवस. किती खुशीत होता तो त्या दिवशी. गाठ साधी निघाली हे आता, इतक्या दिवसांनी कळलं असूनही तो इतका घाबरला की त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं. "मला ऐकू नव्हतं आलं," तो म्हणाला. "देवाशप्पथ, त्यातला एक शब्दही..." "अहो, म्हणजे तुम्ही बहिरे आहात!" बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चेहरा मात्र लॉटरी लागल्यासारखा फुलला होता. "बहिरे आहात तुम्ही! मला वाटलं, तुम्हाला माझं काही नाही. आणि तुम्ही नुसते बहिरे! चांगले ठार बहिरे!" ती हसू लागली, पदर डोळ्यांना लावून, खांदे हलवून, आणि मध्येच त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली, की आधी का नाही बोललात, नटांना काय शिव्या घालत होता, स्पीकर काय, पंखे काय, मूर्ख माणूस. इतक्या आनंदानं बहिरा आजवर कुणाला कुणी म्हटलं नसेल. त्याला स्वतःला अजून आनंद झाला नव्हता. कानांचं दुःख करायला त्याला निवांत वेळ हवा होता आणि तो इथं कुणी देत नव्हतं. पण तिच्याकडे बघता बघता ते दुःख जरा बाजूला सरकून बसलं.

दाराची बेल वाजली. मेहुणा फोम घेऊन परत आला असणार. बेल त्याला ऐकू आली, तिलाही आली, आणि दोघांपैकी कुणीच उठलं नाही. "परत म्हण," तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी जे म्हणालीस ते. शेवटचं."

"आता कशाला? झालं गेलं. काही निघालं नाही ना."

"तरी म्हण. माझ्याकडे बघून म्हण."

बेल पुन्हा वाजली. "ताई, भावोजी, झोपलात का?" असं मेहुणा बाहेरून ओरडला. बायकोनं नाक पुसलं, त्याच्याकडे पूर्ण वळून बसली, आणि परक्या गावात कुणाला पत्ता विचारावा तसं, एकेक शब्द सुटा करून, तोंड मोठं उघडून म्हणाली, "मला. फार. भीती वाटतेय. उद्या याल का माझ्याबरोबर?"

"येतो," तो म्हणाला, आणि कुठंही जायचं नव्हतं तरी उठून चपला शोधू लागला.